कुठलीही शाखा चालेल

आमच्या संस्थेच्या व्हरांड्यात प्रवेशाच्या दोन सूचना शेजारी शेजारी लावल्या आहेत. एक नर्सिंगची, दुसरी समाजशास्त्राची. समाजशास्त्र मी शिकवते, म्हणून या दिवसांत तिथल्या टेबलाशी मीच बसते.

काल एक आई आणि तिची मुलगी आल्या. आई पदरात खोकत मुलीकडून नर्सिंगची सूचना वाचून घेत होती. भौतिक, रसायन, जीवशास्त्र हवं. शिवाय तब्येत ठणठणीत असल्याचा डॉक्टरांचा दाखला. मग तिनं मला विचारलं, "आणि तुमच्याकडं काय लागतं?"

"बारावी पास. कुठलीही शाखा चालेल."

"बस्स, एवढंच?" तिचा चेहराच पडला.

ते 'बस्स' कालपासून मला स्वस्थ बसू देत नाही. सुई टोचायची तर माणसाला इतकं पारखून घेतात, आणि आमच्या मुलांसारखं पाहणीसाठी लोकांच्या घरात शिरून त्यांची दुखणी विचारायची तर काहीच नको? परक्याच्या उंबऱ्याशी बसून गप्प ऐकता येतं का, एवढं तरी आम्ही विचारावं की नाही?

काल आई निघाली तरी मुलगी अजून दोन्ही कागदांसमोर घुटमळत होती. "मॅडम, आमच्याकडच्या बायका दुखणं अंगावर का काढतात, हे यातल्या कशात शिकवतात?"

मी बोट उचललं खरं, पण ते कुठल्या कागदाकडे न्यावं, कळेना.

"चल गं," आई खोकला दाबत म्हणाली, "मला काय झालंय?"

मुलीनं तर आईचं नावही काढलं नव्हतं.