वायर ठीक होती

आमच्या धुलाईच्या कारखान्यात होईलभाऊंचं खरं नाव पगाराच्या दिवशी सोडलं तर कुणाला आठवायचं नाही. काहीही सांगा, उत्तर एकच. प्रिंटर कागद गिळतोय? "होईल." स्क्रीन काळी पडली? "होईल." आणि बहुतेक वेळा व्हायचंही, म्हणून नाव चिकटलं ते चिकटलंच.

ते लागले होते वर्गवारीच्या टेबलावर. हॉस्पिटलच्या चादरी एकीकडे, हॉटेलचे टॉवेल दुसरीकडे. मग कारखान्यात पहिला कॉम्प्युटर आला. पाहुण्यांच्या घरच्या कुत्र्याकडे बघावं तसे आम्ही सगळे त्याच्याकडे लांबून बघत होतो, चावेल की काय म्हणून. होईलभाऊंनी पुढे होऊन बटण दाबलं. त्या दिवसापासून कॉम्प्युटर त्यांचा. दुरुस्तीला येणाऱ्यांच्या खांद्यावरून बघून बघून ते शिकले. अंगावरचा ओला एप्रन गेला, इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट आला. जिन्याखाली पूर्वी सोड्याची पोती ठेवायची खोली होती, तिला ते सर्व्हर रूम म्हणायला लागले. आम्ही कपाटच म्हणायचो. तिची किल्ली त्यांच्या कमरेला असायची.

त्यांचा मेहुणा वायरमन. बायकोचा धाकटा भाऊ. सासरे लवकर गेले तेव्हा होईलभाऊंनीच त्याला घरी ठेवून घेतलं, वायरमनचं काम शिकायला घातलं, आणि हाताशी आल्यावर आमच्याकडची कामंही मिळवून दिली. गडी अबोल, पण कामाला चोख. "दाजी, शिडी धरा," एवढं बोलला तरी खूप बोलला म्हणायचं. मागच्या आवारात नवी शेड उभी राहत होती. तिचं सगळं वायरिंग त्यालाच मिळणार, हे धरून चालल्यासारखं होतं.

त्या वर्षी मालकीणबाईंनी ठरवलं की ऑर्डरी, कपड्यांचा साठा, गाड्यांच्या फेऱ्या, बिलं हे सगळं एकाच सॉफ्टवेअरमध्ये आणायचं. ते बसवायला कंपनीकडून एक मुलगी येणार होती. यायच्या आधी तिने फोन करून होईलभाऊंना काय काय तयार ठेवायचं ते सांगितलं. फोन माझ्या बिलाच्या टेबलाशेजारीच होता.

सर्व्हरवर जागा रिकामी करा. डेटाबेस बसवा. आमच्या सॉफ्टवेअरसाठी वेगळा युजर करा, त्याला त्याच्यापुरते अधिकार द्या. डेटाबेस मूळचा फक्त आपल्या मशीनचं ऐकतो, तेव्हा बाहेरच्या मशीनसाठी त्याला मोकळीक द्या आणि फायरवॉलमध्ये त्याचा पोर्ट, म्हणजे ये-जा करायचं दार, उघडा. शेवटी दुसऱ्या मशीनवरून कनेक्शन तपासा.

प्रत्येक वाक्यावर इकडून "होईल".

निम्म्या गोष्टी त्यांना येत होत्या. डेटाबेस बसला, युजर झाला, सर्व्हरवरच बसून कनेक्शन लावून पाहिलं तर लागलंही. मोकळीक आणि पोर्ट ह्या भानगडीपाशी मात्र ते अडले. कुणाला विचारायचं? कंपनीच्या त्या मुलीला फोन केला असता तर तिने सांगितलं असतं. पण ती त्यांच्या पुतणीच्या वयाची. "मला हे येत नाही" हे चार शब्द त्यांच्या तोंडातून बाहेर पडेनात. त्यांनी मनाची समजूत घातली की आत लागतंय म्हणजे बाहेरही लागेल. तपासायला माझ्या मशीनवर यायचं, तर माझ्याभोवती ड्रायव्हर लोकांची गर्दी असायची. ते काही आले नाहीत.

यायच्या आदल्या दिवशी मुलीने फोनवर विचारलं, "काका, दुसऱ्या मशीनवरून कनेक्शन तपासलंत ना?"

"तपासलं," होईलभाऊ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती आली. मेहुण्याने सर्व्हरपासून माझ्या टेबलापर्यंत नवी लाइन टाकली होती आणि त्याच सकाळी ती भिंतीला पक्की ठोकली होती. मुलगी माझ्या खुर्चीत बसली, मी बाजूला स्टुलावर. मालकीणबाईही येऊन उभ्या राहिल्या. तिने सर्व्हरचं नाव भरलं, युजर भरला, बटण दाबलं. थोडा वेळ स्क्रीनवर चक्र गोल गोल फिरत राहिलं आणि लाल अक्षरं आली: सर्व्हरशी संपर्क होत नाही.

तिने पुन्हा केलं. पुन्हा तेच. दुसऱ्या रीतीने सर्व्हरला हाक मारून पाहिली, तिकडून ओ नाही.

"काल लागलं होतं ना, काका?"

"लागलं होतं की. चांगलं लागलं होतं."

"मग कालच्यापेक्षा आज काय बदललं?"

होईलभाऊंचा हात किल्लीशी चाळा करत होता. मालकीणबाई त्यांच्याकडे बघत होत्या. ड्रायव्हर बघत होते. मी बघत होते.

"सकाळी वायर ठोकलीय," ते म्हणाले. "वायरमध्येच काहीतरी झालं असेल."

मेहुणा आतल्या इस्त्रीच्या हॉलमध्ये शिडीवर होता. त्याला बोलावलं. मालकीणबाई तशा वाईट नाहीत, पण त्यांचा आवाज चढला की वॉशिंग मशीनच्या घरघरीतही ऐकू जातो.

"एक लाइन धड टाकता येत नाही? ही मुलगी एवढ्या लांबून आलीय, माझी सगळी माणसं खोळंबलीत!"

"बाई, मी दोन्ही टोकांना तपासून..." एवढं म्हणून त्याने दाजींकडे पाहिलं. दाजी स्क्रीनकडे बघत होते, जणू त्या लाल अक्षरांत काही नवीन लिहिलेलं होतं. तो थांबला. म्हणाला, "पुन्हा बघतो."

"आता तुम्ही बघू नका. नात्यागोत्यातली माणसं कामाला घेतली की हे असं होतं. नव्या शेडचं मी दुसऱ्या कुणाला तरी विचारते."

त्याने पिशवी भरली, शिडी घडी केली आणि गेला. मुलीला दुपारी दुसरीकडे जायचं होतं. "उद्या वायर बदलून ठेवा, मी येते," म्हणाली.

जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे घेऊन मागे बसले. होईलभाऊ कपाटात शिरले आणि आतून दार लावलं. सर्व्हरवरची एकेक सेटिंग वाचत गेले. पोटात भीती असली की माणूस लक्ष देऊन वाचतो. मोकळीक द्यायची जागा सापडली, पोर्टही सापडला. दोन्ही उघडून ते माझ्या टेबलाशी आले. मी नळावर हात धुवत होते. त्यांनी बटण दाबलं. त्याच वायरवर, मेहुण्याने ठोकलेल्या, कनेक्शन लागलं.

मालकीणबाईंची केबिन समोरच होती, दार उघडं. होईलभाऊंनी पुढे मला सांगितलं, "ताई, मी दारापर्यंत गेलो हो. त्या फोनवर बोलत होत्या. आणि त्या फोनवर आहेत हे बघून मला काय बरं वाटलं म्हणून सांगू!" ते तसेच मागे फिरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरा वायरमन आला. चांगली वायर उपटून त्याने नवी टाकली. मुलीने बटण दाबलं आणि हिरवी अक्षरं आली. ड्रायव्हरांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

"बघा! वायरच होती," मालकीणबाई म्हणाल्या. "होईलभाऊ, तुमच्या बरोबर लक्षात आलं. नाहीतर आम्ही बसलो असतो चाचपडत."

चहा आला. सगळ्यांनी घेतला. होईलभाऊंच्या कपावर साय धरली तरी तो हातातच होता. मी सहज, अगदी सहज विचारलं, "पण काय हो, ही पहिल्यांदा यायच्या आदल्या दिवशी तुम्ही कुठल्या मशीनवरून तपासलंत? मी तर दिवसभर खुर्ची सोडली नव्हती."

त्यांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरताना मी पाहिलं. संध्याकाळी मी गाडीतळाकडे निघाले तर फाटकाशी उभे. तिथे उभ्या उभ्याच त्यांनी मला सगळं सांगितलं. मी कुणाजवळ शब्द काढला नाही. सांगायचं तर त्यांनीच सांगायला हवं होतं. पण "घरी तरी सांगा" एवढं मी म्हणाले.

घरी त्यांनी सांगितलं नाही. तोवर भावजयीकडून बायकोला कळलं होतं की भावाच्या हातचं काम गेलं. तिने तडक भावाचं घर गाठलं आणि त्यालाच फैलावर घेतलं. दाजींनी तुला उभं केलं आणि तू त्यांच्याच कारखान्यात त्यांचं नाक कापलंस? तो खाली मान घालून ऐकून घेत होता. ती घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मी चांगलं झापलंय त्याला."

"होते चूक माणसाकडून," होईलभाऊ म्हणाले.

हे मला सांगताना ते रडले. "होते चूक, म्हणालो मी! त्याची! तिच्या तोंडावर! माझी जीभ झडली कशी नाही, ताई?"

रविवारी ते मेहुण्याकडे गेले. तो दारातच पंख्याची मोटर उघडून बसला होता. त्याची बायको आत होती, बाहेर आली नाही. होईलभाऊ पायरीवर टेकले. बराच वेळ मोटरबद्दलच बोलले. मग म्हणाले, "वायर ठीक होती रे."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"ती उपटलेली वायर मी कचऱ्यातून उचलून आणली. टेस्टर लावला. आठही तारा सलग आहेत."

"मग बोलला का नाहीस? तुझी ताई एवढं बोलली तुला..."

"ताईला काय सांगू? तुझा नवरा खोटं बोलला म्हणून?" त्याने पक्कड खाली ठेवली. "तुम्ही माझ्यासाठी पुष्कळ केलंय, दाजी. एवढं अंगावर घ्यायला माझी ना नव्हती. पण तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत. नुसतं बघितलं असतंत तरी चाललं असतं."

होईलभाऊंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मी उद्या सांगतो बाईंना," ते म्हणाले.

"बघा बाबा," तो म्हणाला आणि पुन्हा मोटरकडे वळला.

घरी गेल्यावर त्यांनी बायकोला सांगितलं. ती एकच वाक्य बोलली, "मला भावाशी भांडू दिलंत तुम्ही." त्यानंतर कितीतरी दिवस त्या घरात ताटं नुसती पुढे सरकवली जायची.

सोमवारी सकाळी काउंटरवर गर्दी असतानाच ते केबिनच्या दारात उभे राहिले. मालकीणबाई म्हणाल्या, "या आत, बसा." ते बसले नाहीत आणि दारही लावलं नाही. बाहेर सगळ्यांना ऐकू येईल असं बोलले.

"बाई, वायरमध्ये काही नव्हतं. सर्व्हर बाहेरच्या मशीनसाठी मी उघडलाच नव्हता. मला येत नव्हतं. मी तपासलंही नव्हतं, तपासलं म्हणून खोटं सांगितलं. आणि नंतर गुपचूप दुरुस्त केलं."

एक ड्रायव्हर बिल हातात घेऊन तसाच उभा राहिला.

"मी त्या पोराला काय काय बोलले," मालकीणबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, उलट बसला. "चारचौघांत बोलले. आणि तुम्ही शेजारी उभे होतात."

"होतो."

"शेडचं काम मी दुसऱ्याला शब्द देऊन बसले, होईलभाऊ. त्याने सामानसुद्धा आणून टाकलंय. आता ते फिरवता येणार नाही." मग हात पुढे केला. "किल्ली द्या."

कमरेच्या पट्ट्यातून किल्ली त्यांना सुटेना, शेवटी शिपाई पुढे झाला. आम्ही सगळ्यांनी नजरा दुसरीकडे वळवल्या. खरं सांगते, त्यांची कीव आली, आणि रागही आला, दोन्ही एकदम.

मालकीणबाईंनी मेहुण्याला स्वतः फोन केला आणि माफी मागितली, ते मी माझ्या कानांनी ऐकलं. छोटी कामं असतील तर येत जा म्हणाल्या. त्याने आभार मानले. पण तोवर त्याने लांबच्या एका बांधकामाचं काम धरलं होतं. आठवडाभर तिथेच पत्र्याच्या खोलीत राहायचं आणि शनिवारी घरी यायचं. नव्या शेडचं काम मिळालं असतं तर त्याला बायकोमुलांपासून लांब जावं लागलं नसतं, हे सगळ्यांना कळत होतं, आणि सगळ्यांत जास्त होईलभाऊंना.

सर्व्हर आता कंपनीची माणसं बघतात. ती मुलगी अधूनमधून येते. होईलभाऊ वर्गवारीच्या टेबलावर आहेत, एप्रन घालून. चादरी मोजतात आणि आकडे त्याच सॉफ्टवेअरमध्ये भरतात. सुरुवातीला कुणी कुणी टोमणे मारले, ते त्यांनी गिळले. मुलगी आली की कामाचं विचारते, "काका, काही अडतंय?" तर तेवढ्यापुरतं सांगतात आणि पुन्हा चादरींकडे वळतात.

शनिवारी मात्र वेळेवर निघतात. मेहुण्याची बस थांबते तिथे स्कूटर लावून उभे राहतात. पहिल्यांदा गेले तेव्हा मेहुणा त्यांना बघून चालतच निघाला होता. पुढच्या शनिवारी ते पुन्हा गेले. त्याच्या पुढच्या शनिवारी तो मागे बसला, अवजारांची पिशवी दोघांच्या मध्ये ठेवून.

मी एकदा विचारलं, "वाटेत काय बोलता?"

"तो म्हणतो, रस्ता फार खराब झालाय. मी म्हणतो, हो ना." जरा वेळ ते टॉवेलांच्या घड्या नीट करत राहिले. "घराच्या अलीकडच्या वळणावर उतरतो तो. दारापर्यंत नेऊ देत नाही अजून."