क्लाइव्हने निवडलेली कॅरव्हान

क्लाइव्ह अ‍ॅक्रॉइड निवृत्त झाला तेव्हा मालकाने त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "तुझ्यासारखी माणसं आता मिळत नाहीत." मग त्याला पुढची मीटिंग होती. एकतीस वर्षांचा निरोप एवढ्यात उरकला. क्लाइव्ह मात्र ते वाक्य महिनाभर सगळ्यांना सांगत होता.

हल शहराच्या बाहेर आमचा कारखाना. मोटारीमागे जोडून ओढायच्या कॅरव्हान, म्हणजे चाकांवरच्या राहायच्या खोल्या, आम्ही बनवायचो. आमच्या भागात निम्म्या घरांतली माणसं याच धंद्यात. क्लाइव्हने वीस वर्षं, पाणी आत झिरपू नये म्हणून, छताचे सांधे भरले, आणि पुढची अकरा वर्षं तो तपासनीस होता. मी, वॉल्टर, शेजारच्या बाकावर खिडक्या बसवायचो. कँटीनमध्ये जर्मन कॅरव्हानचा विषय निघाला की क्लाइव्हला चेव यायचा. "चाकांवरचा दवाखाना तो! आत गेलं की वाटतं, आता नर्स येऊन टोचणार." सगळे हसायचे. मीही हसायचो.

त्याची बायको ग्लेनिस शाळेच्या स्वयंपाकघरात होती. रोज तीनशे पोरांचं जेवण. उभं राहून राहून तिचा उजवा खुबा कामातून गेला होता. दोघांचं ठरलं होतं, दोघं सुटलो की कॅरव्हान घ्यायची आणि सहा-सहा महिने घरी यायचं नाही.

फेब्रुवारीत आम्ही तिघं बेव्हर्लीजवळच्या एका विक्रेत्याकडे गेलो. क्लाइव्हने मला मुद्दाम नेलं होतं, त्याच्या बाजूने बोलायला. आवारात आमच्या कारखान्याच्या गाड्या आणि जर्मन गाड्या समोरासमोर उभ्या होत्या. ग्लेनिस सरळ जर्मन गाडीत शिरली. मागच्या बाजूला कायमचा पलंग होता, जाड गादीचा. ती बुटांसकट आडवी झाली आणि डोळे मिटून पडून राहिली.

"ऊठ गं, लोक बघतायत," क्लाइव्ह म्हणाला.

"बघू देत. मी आता उठत नाही. पैसे भर आणि मला अशीच घरी घेऊन चल."

"अगं, दार बघितलंस का? उजवीकडे आहे. आपल्याकडे रस्त्याच्या मधल्या बाजूला उघडणार. उतरलीस की थेट लॉरीखाली."

"मी झोपायला जाणार आहे, क्लाइव्ह. रस्त्यात उतरायला नाही."

"ओव्हन नाही यात. रविवारचं मटण कुठे भाजशील?"

ग्लेनिस कोपरावर उठून बसली. "तीस वर्षं ओव्हनसमोर उभी आहे मी. ओव्हन नसणं हीच तर सुट्टी! आणि आपल्या गाडीत रोज रात्री झोपायला बाकांच्या फळ्या ओढा, गाद्या लावा, सकाळी परत उचला. हे कोण करणार? तू?"

"करीन की."

"तू घरी चादर तरी झटकतोस का?"

मी हसलो. क्लाइव्ह हसला नाही. तो बोलता बोलता अंगठा भिंतीच्या कोपऱ्यांवरून फिरवत होता. खाली, वर, खिडकीच्या कडेला, छताला. त्याचा अंगठा कधी चुकत नसे. सगळा फिरून झाल्यावर त्याने हात खिशात घातला. मला कळलं, त्याला काहीही सापडलं नाही, ना फट, ना ओल.

ग्लेनिसने शेवटी सरळ विचारलं, "हे बघ, धंदा तुझा आहे. टिकेल कोणती, कोरडी राहील कोणती, ते तू सांग. तू सांगशील ती."

"आपली," क्लाइव्ह म्हणाला.

ती माझ्याकडे वळली. "वॉल्टर?"

मी म्हणालो, "क्लाइव्हला माझ्यापेक्षा जास्त कळतं."

त्याने कारखान्यातून गाडी घेतली, तीही नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात स्वतः तपासून पास केलेल्यांपैकी. आतल्या कपाटाच्या दाराला चिकटवलेल्या तपासणीच्या चिठ्ठीवर त्याचीच सही होती. ती तो पाहुण्यांना दाखवायचा.

पहिला उन्हाळा स्कॉटलंडमध्ये बरा गेला. फळ्या ओढायचं काम आठवड्याभरात ग्लेनिसकडे आलं. दुसऱ्या हिवाळ्यात गाडीत कुबट वास यायला लागला. क्लाइव्ह म्हणाला, "तू किटलीची वाफ फार करतेस." ती खिडक्या उघड्या टाकून, कोट घालून चहा करायला लागली. गाडीची ओल दरवर्षी तपासून घ्यावी लागते, नाहीतर पुढे भरपाई मागितली की कंपनी हात वर करते. क्लाइव्हने एकदाही तपासून घेतली नाही. "मी स्वतः तपासनीस. मला कोण पोरटं येऊन तपासणार?"

तिसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये नॉर्थंबरलंडला, सकाळी उठताना खुब्यात कळ आली म्हणून ग्लेनिसने समोरच्या कोपऱ्यात भिंतीला हात टेकला. हात मनगटापर्यंत आत गेला. भिंत ओल्या पावासारखी झाली होती. आतलं लाकूड काळं पडलं होतं, चिमटीत धरलं की त्याचा चिखल व्हायचा.

कंपनीने हात वर केले. क्लाइव्हने गाडी घरासमोर उभी करून तिच्यावर ताडपत्री टाकली आणि तो कुणाशी बोलेना. मग ग्लेनिस माझ्याकडे आली. दारातच उभी राहिली.

"वॉल्टर, खरं सांग. त्याला माहीत होतं?"

मी सांगितलं. आता लपवण्यात अर्थ नव्हता. छताच्या सांध्यांना पूर्वी दोन माणसं असायची, मालक बदलला तेव्हा त्यांच्या जागी एकच ठेवलं. वेळ निम्म्यावर आणला. सांध्यात भरायचा चिकट मसाला स्वस्तातला आला. क्लाइव्हने पहिल्या वर्षी तक्रार केली. त्याला सांगितलं, सही करायची नसेल तर फाटक उघडं आहे. मग तो सही करत राहिला. दिवसाला चौदा गाड्या.

"आणि तू? तू कुठली घेतलीस?"

हे तिला कुठून कळलं, देव जाणे. मी सहा वर्षांपूर्वी जुनी जर्मन कॅरव्हान घेतली होती. कारखान्यातल्या कुणाला दिसू नये म्हणून ती विदर्नसीला, समुद्राकाठी, एका शेतकऱ्याच्या गोठ्यामागे ठेवली होती. "जर्मन," मी म्हणालो.

"तिथे त्या आवारात मी तुला विचारलं होतं," ती म्हणाली. "नाव घेऊन विचारलं होतं."

ती माझ्याशी बोललेलं ते शेवटचं.

घरी काय झालं ते मला क्लाइव्हनेच पुढे सांगितलं. तिने आरडाओरडा केला नाही. टेबलावर हात ठेवून बसली आणि म्हणाली, "मला ओल्या भिंतीशी झोपवलंस. का? एवढंच सांग."

"जर्मन घेतली असती तर मग मी एकतीस वर्षं काय केलं, गं?"

"ते तुझं तू बघायचं होतंस. माझ्या हाडांवर नव्हतं बघायचं."

क्लाइव्हने दीड वर्ष खपून गाडीचा पुढचा भाग सोलून काढला आणि नव्याने बांधला. नवं लाकूड, प्रत्येक सांधा दोनदा भरलेला, पूर्वी भरायचा तसा. असं काम मी कारखान्यातही कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. झाल्यावर त्याने तिला बाहेर बोलावलं. ती काठी टेकत आली, लांबूनच बघितलं.

"चांगली झालीय," म्हणाली. "आता विकून टाक."

ती गाडीच्या आत गेली नाही. त्या उन्हाळ्यात ती बहिणीबरोबर फ्रान्सला गेली. पुढच्याही. घरी येते, क्लाइव्हला जेवायला वाढते, हवापाण्याचं बोलते. मध्यंतरी तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा त्याला इस्पितळात बसूही दिलं नाही म्हणे. "तू घरी थांब, नळवाला यायचाय."

गाडी विकायला काढली तर येणारा प्रत्येक जण आधी ओलीचं विचारायचा. क्लाइव्ह सगळं खरं सांगायचा, काळ्या लाकडाचे फोटो दाखवायचा, वर बजावायचा, "ही कोरडी आहे, पण या कंपनीची दुसरी घेऊ नका." लोक निघून जायचे. चार जण असे गेल्यावर मी म्हणालो, "अरे, एवढं कशाला सांगतोस?"

"आता तरी सांगू दे की, लेका," तो म्हणाला.

शेवटी एका मेंढपाळाने नुसत्या चाकांच्या सांगाड्यासाठी ती घेतली. वरची खोली त्याला नको होती. ती क्लाइव्हने स्वतः कापली. दोन दिवस लागले, कारण सांधे काही केल्या सुटेनात.