न वाचता लिहिलेली प्रस्तावना

"कविता बऱ्या आहेत. मराठी कोणाकडून तपासून घेतलंत?"

सभागृहात हशा पिकला. मी नुकतीच कविता वाचून व्यासपीठावरच उभी होते. विचारणारे सर पुण्यातले मोठे समीक्षक. त्यांनी दोन ओळी लिहिल्या की माणूस कवी ठरायचा, असे ते दिवस. मी म्हटलं, "सर, मी शाळेत मराठीच शिकवते."

"अरे वा," सर म्हणाले. "म्हणजे आता आम्हीच तुमच्याकडे शिकवणी लावायला हवी."

पुन्हा हशा.

शेवटच्या रांगेत अब्बा होते. मंडईमागचं शिलाईचं दुकान बंद ठेवून, इस्त्रीचा शर्ट घालून लेकीची कविता ऐकायला आलेले. आयुष्यभर मशीनच्या खडखडाटात बसून त्यांना कमी ऐकू यायचं. लोक हसले म्हणून तेही हसले. कौतुक चाललंय असं वाटलं त्यांना. घरी गेल्यावर अम्मीला सांगत होते, पोरीने सगळ्यांना हसवलं. खरं काय ते सांगायला जीभ रेटली नाही.

पुढे बुधवार पेठेतला एक प्रकाशक माझा संग्रह काढायला तयार झाला. अट एकच. प्रस्तावना सरांची हवी. तुमचं मुसलमान नाव बघून वाचक पुस्तक उचलणार नाही, सरांचं बघून उचलेल, असं त्याने तोंडावर सांगितलं. मी हो म्हटलं. मला पुस्तक हवं होतं.

प्रस्तावना आली. तिचं नाव 'बुरख्याआडचा हुंदका'.

माझ्या कवितांत कात्रजचा घाट होता. शिक्षकखोलीतली भांडणं होती. दाढ काढली ती दुपार होती. बुरखा कुठेच नव्हता. आमच्या घरात तो कोणी घातलाही नाही. आणि हुंदका? मला राग येतो. रडू येत नाही.

सर प्रकाशकाच्या दुकानात बसलेले असताना मी जाऊन विचारलं, यातला बुरखा कोणत्या कवितेत आहे? ते रागावले नाहीत. चहाचा घोट घेऊन समजावल्यासारखं म्हणाले, "अहो बाई, प्रत्येक ओळ वाचायची नसते. कोण लिहितंय ते कळलं की पुरतं."

प्रकाशक म्हणाला, प्रस्तावना नसेल तर पुस्तकही नाही. मी टेबलावरचे माझे कागद गोळा केले. "नको पुस्तक," म्हटलं. "ज्यांनी वाचलं नाही त्यांचं नाव माझ्या कवितेच्या आधी येणार नाही."

संग्रह खूप वर्षांनी एका छोट्या छापखान्यातून निघाला. प्रस्तावनेशिवाय. त्यावर कोणी एक अक्षरही लिहिलं नाही. अब्बा तोवर गेले होते.

आता मुलाखती घ्यायला मुलं येतात. समीक्षेबद्दल मत विचारतात. मी म्हणते, आधी वाचा. ती हसतात. मी गंमत करतेय असं त्यांना वाटतं.

गेल्या आठवड्यात एका मासिकाच्या संपादकाने सरांच्या निवडक लेखांचं पुस्तक परीक्षणासाठी पाठवलं. सत्कार आहे त्यांचा, जरा सांभाळून लिहा, म्हणाला. मी पहिल्या पानापासून वाचत गेले. मध्येच ती सापडली. तीच प्रस्तावना, माझ्या नावासकट. मी नाकारलेली. ज्या पुस्तकासाठी लिहिली त्यात ती कधी छापलीच गेली नाही, आणि इथे दिमाखात बसलेली.

मैत्रीण म्हणते, म्हातारा माणूस आहे, सोडून दे. नाही सोडणार. मला सूड हवाय. त्याला दुसरं सभ्य नाव मी देणार नाही. सरांनी ज्या ज्या कवींना निकालात काढलं, त्यांचे संग्रह मी काढून बसलेय. सरांचा लेख एका बाजूला, कविता दुसऱ्या बाजूला. कुठे कुठे वाचलंच नाही, ते दाखवत जाणार आहे. संपादकाने नाकारलं तर स्वतः छापीन आणि सत्काराच्या दारात उभी राहून वाटीन. सर हयात असतानाच. मेलेला माणूस उत्तर देत नाही, आणि मला त्यांचं उत्तर हवं आहे.