साडीच्या डब्याचं झाकण

वडिलांचे दिवस करून मी सुरतेला परत आलो तेव्हा गॅरेजात माझ्या जागेवर दुसरा माणूस काम करत होता. गॅरेजच्या शेठनी चहा पाजला, कोपऱ्यातल्या जुन्या जीपकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, हिला बसेल असा गिअरबॉक्स शोधून आण, मग बघू.

त्या 'बघू'वर माझं काम राहणार की जाणार ते ठरणार होतं. एरवी शेठ नुसते खाकरले तरी मी हातातलं टाकून उभा राहतो. तेव्हा चहा संपेपर्यंत बसून राहिलो. आत काही हलतच नव्हतं. संध्याकाळी गावाहून मायचा फोन यायचा. "काम शे ना रे?" आमच्या अहिराणीत शे म्हणजे आहे. मी शे म्हणायचो आणि फोन ठेवायचो.

जीप माझ्यापेक्षा वयाने मोठी. डांगच्या जंगलात फिरायला मालकाने ती उंच करून घेतलेली. मूळचं पेट्रोल इंजिन काढून कुणीतरी डिझेलचं बसवलेलं आणि त्याला तिसऱ्याच कुठल्या गाडीचा गिअरबॉक्स जोडलेला. तो इंजिनाला लागतो त्या तोंडालाच फुटला होता. कुठल्या गाडीचा, हे सांगणारा मिस्त्री आता नव्हता. दुकानात जाऊन नाव तरी काय सांगणार? भंगारात जायचं आणि माप लावून बघायचं, एवढंच हातात होतं.

मापासाठी शेजारून साडीच्या डब्याचं झाकण आणलं. इंजिनाच्या मागच्या तोंडावर ते धरून कडेकडेने हातोडी ठोकली की भोकं पुठ्ठ्यात उमटतात. तेवढी कापून काढायची. तेल गळू नये म्हणून मधे घालायचं पॅकिंग आम्ही असंच कापतो. झाकणावर लाल साडीतली बाई होती. तिच्या पदरात, कमरेत, पायाशी भोकं पडली.

ते झाकण आणि क्लच प्लेट पिशवीत घालून आधी कडोदऱ्याला गेलो. भादरलेल्या डोक्याला ऊन लागायचं म्हणून टोपी घातली होती. हायवेलगतच्या भंगारात एका गिअरबॉक्सच्या दांड्यावर प्लेट अलगद सरकली, दातात दात बसले. चारी चाकं फिरवणारी मागची पेटीही त्याला लागली असती. पण झाकण लावलं तर वरची भोकं जुळत, खालची दोन बाजूला जात. काढलं, लावलं, परत काढलं. भंगारवाला बघत होता.

"ओ टोपीवाले, कितनी बार साडी पहनाएगा उसको?"

मी हसलो नाही. पुढे पांडेसऱ्यात, मग आणखी कुठे कुठे गेलो. तिथे तर प्लेटही चढेना. रिक्षात बसायचो आणि उतरायची जागा मागे पडायची.

शेवटी शेठना जाऊन सांगितलं की मिळत नाही, कडोदऱ्याचा एक थोडक्यात हुकला. त्यांनी कसं लावलंस ते दाखव म्हटलं. मी झाकण इंजिनावर धरलं, बरोबर बसलं. गिअरबॉक्सवर कसं धरलंस, म्हणाले. मी तसंच धरून दाखवलं, बाई माझ्याकडे तोंड करून.

शेठनी ते माझ्या हातातून घेतलं आणि उलटं केलं.

"दीकरा, इंजिन आणि गिअरबॉक्स समोरासमोर बसतात. एकाचं डावं ते दुसऱ्याचं उजवं. हात अजून साडीतच आहेत तुझे."

खरं होतं. आठवीत शाळा सुटल्यावर इथे येऊन मी आधी साड्या घडी करून डब्यात भरायचो. चित्र वर, नेहमी चित्र वर. खाली गेलं तर मुकादम आईवरून बोलायचा. हाताने तेच धरून ठेवलं होतं.

"टेम्पो घेऊन जा," शेठ म्हणाले. "फोडला नसेल तर आण."

कडोदऱ्याला घण चालू होते. ॲल्युमिनियमचे तुकडे वितळवायला निघाले होते. मी ढीग धुंडाळला. माझा गिअरबॉक्स दिसेना. भंगारवाला चहा पीत बसला होता, बसला होता त्याच्यावरच. उठा जरा, म्हटलं. तो उठला. मी झाकण उलटं, कोरी बाजू माझ्याकडे करून लावलं. सगळी भोकं जुळली.

"आज उलटी पहनाई?" तो म्हणाला आणि उचलायला स्वतःच हात लावला.

मला आनंद झाला असेल. कळला नाही. बॉक्स टेम्पोत नीट बांधला, दोरी दोनदा तपासली.

गॅरेजात शेठनी भोकांवरून बोट फिरवलं. मग त्या नव्या माणसाला म्हणाले, हा गिअरबॉक्स हाच चढवेल, तू खालून धर, आता दोघं मिळूनच करायचंय. मला म्हणाले, "टोपी काढून ठेव. गाडीखाली तेलात जाईल."

मी टोपी खुंटीला लावली. एवढ्यासाठी मी शेठचा जन्मभर ऋणी आहे, पण तेव्हा नुसता पाना हातात घेऊन उभा राहिलो.

संध्याकाळी माय म्हणाली, "काम शे ना रे?"

"शे," म्हटलं. आणि या वेळी फोन लगेच ठेवला नाही.