आंब्यावरचा आळ

आंजी गावातल्या आमच्या घरात एक न्याय पक्का होता. उन्हाळ्यात पोराला फोड आला, की गुन्हेगार आंबा. आंबा उष्ण, ती उष्णता बाहेर पडते, विषय संपला. गेल्या उन्हाळ्यात माहेरी गेल्यावर माझ्या सहा वर्षांच्या लेकीच्या मांडीवर गळू आलं, आणि माझ्या बाबांनी, म्हणजे तिच्या आबाजींनी, आंब्यांची टोपली उचलून थेट माळ्यावर ठेवली.

लेकीचा सगळा जीव त्या टोपलीत. वर्षभर तिची वाट पाहिलेली. वरून पिकल्या आंब्यांचा वास यायचा आणि ही खाटेवर पालथी पडून तो हुंगत राहायची. मला हसूही येई आणि वाईटही वाटे.

"आबाजी, एकच द्या ना!"

"आंधी बरी होय, मंग."

तोवर आंबे सडले असते. त्यात तिला ताप भरला, म्हणून मी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी गळवातला पू काढला, औषध दिलं, गरम पाण्यात बुडवून पिळलेल्या स्वच्छ कपड्याने शेकायला सांगितलं आणि बजावलं, "घरी दाबायचं नाही. आंब्याने काही होत नाही. एकाचा पू दुसऱ्याला लागून हे पसरतं. टॉवेल एकच वापरता का?"

"छे, प्रत्येकाचा वेगळा," मी तोऱ्यात म्हणाले.

घरी आले, तर फाटकातच बाबांनी खांद्यावरचा दुपट्टा ओढून नातीचा घाम पुसला. मग अंगणात खेळणाऱ्या माझ्या भाच्याचं नाक. मग स्वतःची मान. मी कपाळावर हात मारला. चोर सोडून संन्याशाला फाशी!

पण सांगायचं कसं? लहानपणी अशाच दुपट्ट्याने त्यांनी माझंही तोंड पुसलेलं. दोन वेळा धीर करून गेले आणि चहा देऊन परत आले.

शेवटी बाबांच्याच मानेवर टपोरा फोड आला. शुगरमुळे त्यांनी कित्येक वर्षांत आंब्याला हात लावला नव्हता. लेक कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली.

"आबाजी, तुमी चोरून आंबे खाल्ले?"

"नाई वो माय! मी कायले खातो?"

"मंग तुमाले काऊन झाला?"

बाबांनी दुपट्ट्याने मान पुसली. ती संधी साधून मी डॉक्टरीणबाईंचं सगळं बोलणं एका दमात सांगून टाकलं. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून एकदा पाहिला. मग तो माझ्या हातात दिला, शिडी लावली आणि टोपली खाली आणली.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना फोड दाखवायला आणि शुगर तपासायला दवाखान्यात नेऊन आणलं. उकळून धुतलेला दुपट्टा उन्हात वाळत होता. ओसरीवर लेक आंबा चोखत होती, रस कोपरापर्यंत ओघळलेला. बाबांचा हात सवयीने खांद्याकडे गेला आणि रिकामाच खाली आला.

"चाल," ते तिला म्हणाले, "नळावर धुऊन देतो तुले."

"आंधी दुसरा खाऊ द्या," ती म्हणाली. ते तिच्याजवळ बसून राहिले.