पाजणीचं मैदान

तांडापेठेतले जागेश्वर पराते आयुष्यात एकदाच कोर्टाची पायरी चढले, आणि तिथे ते जिंकले.

भांडण होतं देवळामागच्या मैदानाचं. त्यांच्या आजोबांनी मारुतीच्या नावाने ट्रस्ट करून ते ठेवलेलं, विश्वस्त घरातलेच. पेठेतले विणकर तिथे पाजणी करत. लुगड्याचा ताणा, म्हणजे उभे धागे, दोन्ही टोकांच्या खुंट्यांना लांबलचक ताणायचा आणि उन्हं तापायच्या आत कुंच्याने खळ चोळायची. घरात हे होत नाही. विणकराचं घर तेवढं लांब नसतं. मैदान गेलं की माग बंद.

एकाहत्तरच्या श्रावणात चुलतभाऊ रुपराव, तोही विश्वस्त, ते मैदान इतवारीच्या एका व्यापाऱ्याला गोदामासाठी द्यायला निघाला. जागेश्वर तडक कोर्टात गेले. निकाल लागेपर्यंत जागेला कोणी हात लावू नये, असा अर्ज वकिलाने दिला. पाहणीसाठी कोर्टाने कमिशनर पाठवला.

व्यापाऱ्याचा ताबा नाही, हे दाखवायची जागेश्वरांना कोण घाई. साहेबांच्या पुढे पुढे चालत ते म्हणाले, "पाहून घ्या साहेब, जागा साफ मोकळी हाय. एक खुंटासुद्धा नाई."

खरंच नव्हता. पावसात लाकूड कुजतं म्हणून आखाड लागला की विणकर खुंटे उपटून घरी ठेवतात आणि दसऱ्याला पुन्हा गाडतात. पेठेत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक, म्हणून साहेबाला सांगायचं कोणाला सुचलं नाही. पंचनाम्याखाली जागेश्वरांनी ऐटीत सही केली. पुढे हुकूम झाला: जागा जैसे थे ठेवावी, दोन्ही बाजूंनी. पेठेत पेढे वाटले गेले.

दसऱ्याला ते खुंट्यांचे खड्डे खणायला सब्बल घेऊन मैदानात आले, तर रुपराव देवळाच्या ओट्यावर बसलेला.

"सब्बल ठेव गा दादा."

"काहून? पाजणी खोळंबून राहिली."

"मी गोदाम बांधून राहिलो का? नाई ना. मग तूही खुंटा गाडू नको. तुयाच हुकूम हाय. एक खुंटा नाई म्हणून साहेबाले तूच सांगतलं."

वकिलाने कपाळाला हात लावला. "अहो, एवढं मला तरी बोलायचं होतंत." दुरुस्तीचा अर्ज गेला. तारखा पडत राहिल्या, न्यायाधीश बदलत राहिले. विणकरांनी काही दिवस रस्त्यावर ताणे ताणले. सायकली, बैलगाड्या धागे तोडून जात. मग त्यांच्यातला धोंडबा कामठीला पॉवरलूमवर लागला. त्याच्यामागे बाकीचे. शेवटी जागेश्वरही. बसमध्ये रोज पेठेतलेच चेहरे, पण मैदानाचा विषय कोणी काढत नसे, आणि तेच त्यांना जास्त लागे. खिडकीशी बसून ते साहेबासमोरचं आपलं वाक्य मनात बदलून बदलून म्हणत: खुंटे घरी हायेत साहेब, दसऱ्याले गाडतो.

अठ्ठ्याहत्तरमध्ये एका सकाळी रुपराव घरी आला. व्यापाऱ्याने गोदाम कधीच दुसरीकडे बांधलं होतं. "यंदा गाड खुंटे, दादा. मी काही बोलत नाई. आपसात मिटवून टाकू."

जागेश्वर तसेच उठून भागीरथाबाईकडे गेले. पेठेत सगळ्यांत लांब ताणा तिच्या घरचा असायचा. ती भाजी निवडत होती.

"रुपराव मानला वं, भागीरथा. उद्यापासून पाजणी करता येते."

"ताणा कोठून आणू भाऊजी? मागाचं लाकूड तं चुलीत गेलं." मग त्यांच्याकडे पाहून ती म्हणाली, "बसा, चहा टाकतो."

ते बसले नाहीत. पुढच्या दारी जायचं म्हणून निघाले, पण कोणाच्या, ते गल्लीच्या तोंडाशी आल्यावरही ठरेना. कामठीच्या बसची वेळ झाली होती.