तात्यांचा राहिलेला नमुना

समोरचा माणूस रक्त द्यायला हात पुढे करायच्या आधीच तात्या आपलं नाक त्याच्या तोंडाजवळ न्यायचे, दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला पोलीस पकडतात तसं. "आ करा बरं. खरं बोला, च्या झालाय." आणि बहुतेक वेळा तो झालेलाच असायचा.

तुम्ही बारामती-इंदापूरकडचे असाल तर तुम्हाला यात नवल वाटणार नाही. आपल्याकडे चहा खाण्यापिण्यात धरतच नाहीत. आदल्या दिवशी मी घसा कोरडा होईपर्यंत सांगायचे की रक्त उपाशीपोटी हवंय, पाण्याशिवाय काही घेऊ नका. तरी सकाळी कऱ्हाटी गावात एखादी आजी शपथेवर सांगायची, "कालपास्नं पोटात कण न्हाय."

"आन् कपात?" तात्या विचारायचे.

"च्यानं काय व्हतंय व्हय?"

होत असे, बरंच होत असे. अन्ननलिका, जठर, आतडी यांच्या कर्करोगाची चाहूल रक्तातून लवकर लागते का, हे शोधायचा आमचा प्रकल्प होता. खाल्लेल्या अन्नाचे शरीरात जे बारीक बारीक पदार्थ तयार होतात, त्यांचं प्रमाण रोगात बदलतं. तो बदल हीच आमची खूण. साखरेचा चहा पोटात गेला की ती खूण पुसट होते. नमुने काढायचं काम माझं आणि माणसं जमवायचं तात्यांचं.

तात्या डाळजचे. पूर्वी साखर कारखान्याकडून उसाचा ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, बघत फडोफडी हिंडलेले. त्यामुळे माझं पंधरा मिनिटांचं भाषण ते एका दमात संपवायचे. "ऊस तोडायच्या आदी रसाचा थेंब काचेवर धरून बघत्यात का न्हाय? उभ्या पिकातच कळतं. तसंच हाय हे." एवढं म्हटलं की लगेच लोकांच्या बाह्या वर. खरं सांगते, मला थोडा रागच यायचा. मग हळूच ते माझ्याकडे बघून जोडायचे, "मातुर रिपोर्ट हातात मिळायचा न्हाय. आजून शोध चाललाय. उपेग झाला तर म्होरल्या लोकांस्नी." हे वाक्य मी त्यांच्याकडून घोकून घेतलं होतं.

पण त्यांची स्वतःची एक अडचण होती. घरधनी उपाशी असला तरी दारात आलेल्याला चहा दिल्यावाचून कसं सोडायचं? मी सरळ नको म्हणायचे आणि घरातल्या बायकांची तोंडं उतरायची. मग तात्या माझाही कप प्यायचे. कोऱ्हाळ्यात एका सकाळी मी नऊ कप मोजले.

"तात्या, पोट आहे की पिंप?"

"म्याडम, कप माघारी गेला तर हात म्होरं येत न्हाय."

वयाने तेही आमच्या यादीत बसत होते. मी मागे लागले, तेव्हा एकदाचे ते डाळजला आपल्याच ओसरीवर बाही दुमडून बसले. मी गमतीने त्यांच्यासारखंच नाक पुढे नेलं. "आ करा बरं."

तात्या ओशाळले. "अर्धाच कप. शेजारच्या म्हातारीनं आणला, न्हाय म्हणवंना."

दुसऱ्या कुणी दडवलं असतं. मी सुई परत ठेवली. "नियम म्हणजे नियम. उद्या."

उद्या दुसरं गाव आलं, दुसरे कप आले. असं करत वर्ष गेलं. त्यांच्या खिशात पित्ताच्या गोळ्या दिसायला लागल्या. भाकरीचा घास पाण्याच्या घोटाबरोबर उतरवू लागले. मी म्हटलं, डॉक्टरांना दाखवा, दुर्बिणीतून तपासून घ्या. "दावू की. पयलं तुमच्या सुईखाली बसतो. त्यात कळंलच." मी हसले आणि पेटी उचलली. रिपोर्ट मिळत नाही, हे गावोगाव सांगणारा माणूस स्वतः मात्र आमच्या नमुन्याची वाट बघत थांबला होता, आणि नियमाची एवढी पक्की मी, तेव्हा गप्प बसले. आजही ते आठवलं की माझी मलाच चीड येते.

पुण्यात दुर्बीण घातली तोवर अन्ननलिका जवळजवळ बंद झाली होती.

त्या दिवशी रक्त घेतलं असतं तरी काही कळलं नसतं, नमुना फ्रीझरमध्ये एक नंबर होऊन पडला असता. हे मला पक्कं ठाऊक आहे. पण मन ऐकत नाही.

शेवटचं भेटायला गेले तेव्हा त्यांनी स्वतःच हात पुढे केला. दंड माझ्या मुठीत मावेल एवढा झाला होता. "आता घ्या. आता रोजच उपाशी हाय." मी रक्त घेतलं आणि रोग झालेल्यांच्या खोक्यात ठेवलं. निरोगी लोकांच्या खोक्यात त्यांची जागा वर्षभर रिकामी होती.

तेराव्याला मी सकाळीच डाळजला गेले. गर्दीच्या आधी तात्यांच्या बायकोला, वहिनींना, भेटून निघायचं ठरवलं होतं. दारात मांडव घातलेला, मागे चुलवणावर गोडाचा स्वयंपाक चाललेला. ओसरीवर वहिनी आणि दोन्ही मुलगे ओळीने बसले होते. तिघांनी बाह्या वर केल्या होत्या.

"काल सांजंपास्नं कुणी काय घेतलं न्हाय," वहिनी म्हणाल्या. "च्या बी न्हाय. ते सांगून गेल्यात, म्याडम येतील, पयलं रक्त द्या, मग ताटावर बसा."

मी नुसती पर्स घेऊन गेले होते. मी म्हटलं, "वहिनी, याचा रिपोर्ट येत नाही. कुणाला गिळायला त्रास वाटला तर थांबू नका, सरळ डॉक्टरांकडे जा."

"जाऊ की. आन् रिपोर्ट येत न्हाय, ते बी ठावं हाय. म्होरल्या लोकांस्नी व्हईल म्हणायचे."

मला रडू आवरेना. तशीच बाहेर येऊन मी भिगवणला आमच्या प्रकल्पाच्या माणसाला फोन केला आणि नमुन्यांची पेटी मागवली. पाहुणे जमले, पानं मांडून झाली. पेटी येईपर्यंत मांडवात पंगत बसली नाही.